मधली वर्षं कुठे जातात?

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहिलं होतं, की वेगवान गाडीची नवी पिढी रखडते तेव्हा घोडं बहुतेक वेळा इंजिनाच्या ताकदीपाशी अडत नाही, एक्झॉस्टच्या नळीपाशी, म्हणजे धुराच्या नियमांपाशी, अडतं. त्या एका वाक्यावर बरीच पत्रं आली. काही उत्सुक, काही चांगलीच रागावलेली. म्हणून या वेळी सगळे प्रश्न याच विषयावरचे घेतले आहेत. मी सव्वीस वर्षं इंजिन कॅलिब्रेशनचं, म्हणजे इंजिनाच्या संगणकातले आकडे बसवण्याचं, काम केलं, त्यातली नऊ वर्षं फक्त वेगवान आवृत्त्यांवर. विक्री आणि जाहिरातीची बाजू मी दुरूनच पाहिली आहे. टेस्ट सेलची, म्हणजे इंजिन तपासायच्या बंद खोलीची, बाजू मात्र रात्री जागून पाहिली आहे, तेव्हा उत्तरांचा कल तिकडे झुकणारच.

ताई, साधी गाडी बाजारात येऊन दोन वर्षं होतात तरी तिची वेगवान आवृत्ती येत नाही. इंजिन तर आधीच तयार असतं असं ऐकतो. कंपन्या मुद्दाम अडवून ठेवतात का?

थोडं मुद्दाम, बरंचसं नाइलाजाने. आधी हे अंतर किती नेमाने पडतं ते पाहा. बीएमडब्ल्यूच्या थ्री सिरीजची ई३६ पिढी १९९० साली आली, तिची वेगवान आवृत्ती एम३ १९९२ साली. ई४६ आली १९९८ साली, एम३ २००० साली. ई९० आली २००५ साली, एम३ २००७ साली. फाइव्ह सिरीजच्या ई३९ पिढीने तर तीन वर्षं घेतली: साधी गाडी १९९५ची, एम५ १९९८ची.

‘इंजिन तयार आहे’ याचा अर्थ ते डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, ठरलेली ताकद देतं, एवढाच. तिथून पुढे खरं काम सुरू होतं. साध्या गाडीचा सांगाडा पक्का झाल्याशिवाय वेगवान गाडीच्या चाकांमधलं जास्तीचं अंतर, मोठे ब्रेक, जास्तीचे रेडिएटर कुठे बसणार हे ठरत नाही. टायर तर त्या गाडीसाठी वेगळे घडवले जातात. टायर कंपनी नमुने पाठवते, चालक अभिप्राय देतात, पुन्हा नवे नमुने येतात. प्रत्येक फेरीला आठवडे लागतात आणि मधे कोणी सस्पेन्शनच्या सांध्यातला एक रबरी बुश बदलला की मागच्या फेरीचा निकाल कामाचा राहत नाही.

आणि मॅप, म्हणजे इंजिनाच्या संगणकातला तक्ता. इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्या आणि लोड यांच्या प्रत्येक जोडीला इंधन किती, ठिणगी किती आधी, टर्बोचा दाब किती, हे सगळं भरायचं असतं. ते खोलीच्या तापमानाला जमलं म्हणजे झालं असं नाही. वाळवंटात जमलं पाहिजे, उंच घाटात विरळ हवेत जमलं पाहिजे, रात्रभर बर्फात उभ्या राहिलेल्या गाडीत पहाटे जमलं पाहिजे. हिवाळा वर्षातून एकदाच येतो. फेब्रुवारीत एखादी चूक सापडली, तर दुरुस्ती तपासायला एक तर पृथ्वीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात गाड्या न्यायच्या, नाही तर पुढच्या डिसेंबरची वाट पाहायची.

एक प्रसंग सांगते. आमच्या एका टर्बो इंजिनाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतला धूर गोळा करणारी लोखंडी नळी, थर्मल शॉक चाचणीत तडकला. या चाचणीत इंजिन पूर्ण लोडवर लालभडक तापवतात आणि लगेच त्यात गार कूलंट सोडतात, असं शेकडो वेळा. तडा केसाएवढा होता. दिव्याखाली रंगद्रव्य लावून पाहिला तेव्हा कुठे दिसला. उपाय सोपा वाटला: भिंत थोडी जाड करा. नवा साचा, नवं कास्टिंग, पुन्हा चाचणी. या वेळी तडा नाही. पण जाड लोखंड जास्त उष्णता गिळतं, त्यामुळे पुढचा, धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापायला वेळ लागू लागला. कन्व्हर्टर साधारण अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट काम करत नाही. म्हणजे गार इंजिन सुरू झाल्यावरचे पहिले काही सेकंद धूर तसाच बाहेर. आमची सगळी कोल्ड स्टार्टची मांडणी पुन्हा पहिल्यापासून. केसाएवढ्या तड्याने सात महिने खाल्ले. वाचकांच्या हाती तेव्हा फक्त ‘आगमन लांबलं’ एवढी बातमी पडली असणार.

आता मुद्दाम अडवण्याबद्दल. साध्या गाडीचं नवेपण ओसरायला लागतं तेव्हा वेगवान आवृत्ती आणली की शोरूममध्ये पुन्हा गर्दी होते, हा हिशेब असतोच. पण त्याचा अतिरेक झाला की गाडीवरच अन्याय होतो. युरोपात होंडा सिव्हिकच्या नवव्या पिढीची वेगवान टाइप आर २०१५ साली आली आणि २०१७ साली पुढच्या पिढीची टाइप आर दारात उभी होती. फोर्डने पहिली फोकस १९९८ साली आणली, तिची आरएस २००२ साली. २००४च्या फोकसची आरएस २००९ साली. एवढं राबून घडवलेली यंत्रं आणि वाट्याला आयुष्य दोन वर्षांचं. मला हे मनापासून खटकतं.

तुमचं एक्झॉस्टचं कारण पटलं नाही. खरं कारण पैसा असतो, तुम्ही अभियंते ते नियमांच्या आड लपवता. उदाहरण म्हणून बीएमडब्ल्यूची एफ८० एम३ घ्या. २०१८ साली ती बंद केली, पण त्याच इंजिनाची एम४ पुढे दोन वर्षं चालू ठेवली. मग नियम आडवा आला कुठे?

तुम्ही फार नेमकं उदाहरण काढलंत, आणि निम्मी बाजी तुमची आहे.

युरोपात तेव्हा डब्ल्यूएलटीपी ही नवी चाचणीपद्धत लागू होत होती. सप्टेंबर २०१७पासून नव्या मॉडेल्सना, सप्टेंबर २०१८पासून नव्याने नोंदल्या जाणाऱ्या सगळ्या गाड्यांना. त्याच सुमाराला पेट्रोल इंजिनांच्या सूक्ष्म कणांवरची मर्यादाही कडक झाली, आणि थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनांना एक्झॉस्टमध्ये कणगाळणी बसवायची पाळी आली. गाळणी म्हणजे वायूच्या वाटेतला अडथळा. मागचा दाब वाढतो, टर्बोचं वागणं बदलतं, ताकद तीच ठेवायची तर मॅप नव्याने करावा लागतो आणि प्रमाणपत्राची सगळी वारी पुन्हा. एम४ला हे केलं. एम३ला केलं नाही, कारण तिचा मूळ सांगाडा, म्हणजे ती थ्री सिरीजच, त्याच वर्षी संपत होती. थोड्या महिन्यांसाठी एवढा खर्च कोणी करेना. पुढची जी८० एम३ सप्टेंबर २०२०मध्ये दाखवली गेली आणि लोकांच्या हाती २०२१ साली आली.

म्हणजे दार नियमाने लावलं आणि ते उघडायला लागणारा पैसा न घालण्याचा निर्णय कंपनीने घेतला. ही दोन कारणं वेगळी काढता येत नाहीत, हे मी गेल्या वेळी लिहायला हवं होतं. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. प्रमाणपत्राचं काम पाच लाख गाड्या विकणाऱ्या मॉडेलला जेवढं, जवळपास तेवढंच पाच हजार विकणाऱ्याला. कन्व्हर्टर १,६०,००० किलोमीटरपर्यंत टिकतो हे युरोपात दोघांनाही सिद्ध करावं लागतं. वेगवान गाडीची नळी म्हणूनच आधी आवळली जाते.

सुप्रा २००२ साली बंद झाली आणि २०१९ साली परत आली. सतरा वर्षांनी आलेल्या गाडीला ‘पुढची पिढी’ म्हणणं योग्य आहे का? मधल्या काळात नेमकं काय झालं?

या प्रश्नावर मी पूर्ण अंक भरू शकते.

२००२ हे वर्ष जपानी वेगवान गाड्यांसाठी फार वाईट गेलं. तिथले उत्सर्जनाचे नियम कडक झाले आणि एकाच वर्षात सुप्रा, माझदाची आरएक्स-७, निसानची स्कायलाइन जीटी-आर आणि सिल्व्हिया या चारही गाड्या थांबल्या. अमेरिकेत तर सुप्राची विक्री १९९८लाच संपली होती. टूजेझेड हे तीन लिटरचं सरळ सहा सिलिंडरांचं इंजिन अजून तरणंताठं होतं. नव्या नियमांत बसवायला ते बरंच बदलावं लागलं असतं, आणि विक्री इतकी घसरलेली की कोणी हात घातला नाही.

मग सतरा वर्षं का? कारण तोवर टोयोटाकडे तसं इंजिनच उरलं नाही. सरळ सहाचं कुटुंब मागे पडत गेलं, व्ही६, म्हणजे दोन तिरक्या रांगांतल्या सहा सिलिंडरांची इंजिनं, आली. सुप्राची ओळखच सरळ सहाची. ते एका गाडीसाठी कोऱ्या कागदावरून करायचं म्हणजे अफाट खर्च. २०१३च्या जानेवारीत टोयोटा आणि बीएमडब्ल्यूचा स्पोर्ट्स कारसाठी करार झाला. बीएमडब्ल्यूकडे सरळ सहा जिवंत होतं. तिथून गाडी दिसायला आणखी सहा वर्षं. प्रमुख अभियंता तेत्सुया तादा. सांगाडा आणि इंजिन बीएमडब्ल्यू झेड४च्या घरातलं, जुळणी ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात. अनेकांना ही गाडी परकी वाटते. मला नाही वाटत. सिलिंडरांची ती रांग राखण्यासाठी त्यांनी दुसऱ्याचं दार ठोठावलं. नाव तेच ठेवून आत व्ही६ घातली असती तर मात्र मी तिला पुढची पिढी म्हटलं नसतं.

याहून जुना दाखला जीटी-आरचा. पहिली १९६९ साली आली. दुसरी १९७३ साली आली आणि तिच्या अवघ्या १९७ गाड्या बनल्या. उत्सर्जनाचे नियम आणि त्याच वर्षीचं तेलसंकट, दोन्ही एकदम आदळलं. तिसरी, म्हणजे आर३२, उजाडली १९८९ साली. सोळा वर्षं! स्कायलाइन हे नाव त्या काळात चालूच होतं, पिढ्या येत-जात होत्या, फक्त ती दोन अक्षरं कोणाला दिली नाहीत. आणि दिली तेव्हा काय गाडी दिली: १९९० ते १९९३ जपानच्या ग्रुप ए टूरिंग कार स्पर्धेतल्या २९ पैकी २९ शर्यती आर३२नेच जिंकल्या. मोकळी सोडलेली वर्षं वाया गेली असं तिच्याबद्दल मला कधी वाटलं नाही.

होंडाच्या एनएसएक्सचं दुःख निराळं. पहिली १९९० ते २००५. वारसदार तयार होत होता, पुढच्या बाजूला व्ही१० इंजिन घातलेला. डिसेंबर २००८मध्ये, मंदी ऐन भरात असताना, होंडाने तो रद्द केला. त्याच महिन्यात त्यांनी फॉर्म्युला वनही सोडली. पुढे दुसऱ्या एनएसएक्सचं काम सुरू झालं, तर अर्ध्या वाटेत इंजिनच बदललं: आधी आडवं बसणारं, टर्बो नसलेलं व्ही६ ठरलं होतं, मग दोन टर्बोंचं, लांबीच्या दिशेने बसणारं व्ही६ घ्यायचं ठरलं. इंजिन नव्वद अंश फिरवणं कागदावर एका रेघेचं काम आहे. प्रत्यक्षात गिअरबॉक्स, कूलिंग, मागचा सगळा सांगाडा नव्याने. गाडी २०१६ साली आली. मी त्या प्रकल्पावर नव्हते, पण ती बातमी वाचली त्या दिवशी तिथल्या लोकांच्या रात्री माझ्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या.

अमेरिकेतल्या शेव्हरोले कॅमारोचंही असंच. २००२ साली कॅनडातला तिचा कारखाना बंद झाला आणि २०१०च्या मॉडेलपर्यंत नावच नाही. परतली तेव्हा तिचा पाया ऑस्ट्रेलियात होल्डनने घडवलेला होता.

१९८३ची कॉर्व्हेट कुठे गेली? यादीत १९८२ नंतर थेट १९८४ दिसतं.

बनली, पण विकली नाही. चौथ्या पिढीच्या त्या गाड्या चाळीसहून थोड्या जास्त बनल्या होत्या, चाचणीसाठी. दर्जाच्या आणि सुट्या भागांच्या अडचणी निस्तरेपर्यंत वर्षाचा बराच भाग सरला आणि शेव्हरोलेने १९८३ हे मॉडेल-वर्षच सोडून दिलं. वसंतात विक्रीला आलेली गाडी १९८४ची म्हणून आली. त्या चाचणीच्या गाड्यांपैकी एकच उरली आहे. केंटकीतल्या बोलिंग ग्रीनच्या कॉर्व्हेट संग्रहालयात ती पाहायला मिळते. फेब्रुवारी २०१४मध्ये त्या संग्रहालयाची जमीन खचून आठ कॉर्व्हेट खड्ड्यात गेल्या. ही त्यांत नव्हती.

ताई, मी अकरावीत आहे. ई९२ एम३ची ताकद ४२० अश्वशक्ती आणि तिच्यानंतरच्या एफ८०ची ४३१. सात वर्षांत फक्त ११? मग नवी पिढी करायचीच कशाला?

तुझा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण यात गणित आहे आणि ते तुला करता येईल.

तू पाहिलेले आकडे शिखराचे आहेत. ई९२चं, म्हणजे ई९० पिढीच्याच दोन दारांच्या एम३चं, चार लिटरचं व्ही८ आपलं शिखर मिनिटाला ८,३०० फेऱ्यांवर गाठतं. रोज किती वेळ तिथे असशील? आता टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, घे. ई९२ जास्तीत जास्त ४०० न्यूटन-मीटर देते. एफ८० ५५० देते, आणि १,८५०पासून ५,५०० फेऱ्यांपर्यंत सपाट. टॉर्क गुणिले फेऱ्या, भागिले ७,०२४ केलंस की अश्वशक्ती मिळते. तीन हजार फेऱ्यांवर करून पाहा. एफ८०: ५५० × ३,००० ÷ ७,०२४, म्हणजे सुमारे २३५. ई९२ अगदी तिच्या कमाल टॉर्कवर धरली तरी १७१च्या वर जात नाही. शिखरावर ११चा फरक, पायथ्याशी किमान ६४चा. आलेख कागदावर काढ, दोन्ही रेघा एकाच चौकटीत. मधली जागा रंगव. दोन पिढ्यांमधलं अंतर तिथे आहे.

उलटंही होतं. जपानी कंपन्यांनी आपसांत ठरवलं होतं, की कोणतीही गाडी २८० अश्वशक्तीच्या वर जाहीर करायची नाही. हा संकेत २००४पर्यंत टिकला. म्हणून जीटी-आरच्या आर३२, आर३३, आर३४ या तिन्ही पिढ्यांच्या कागदावर एकच आकडा: २८०. अंतर शून्य? जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग या शर्यतीच्या मार्गाच्या उत्तर वळसा या सुमारे २०.८ किलोमीटरच्या रस्त्यावर आर३३ने आर३२पेक्षा २१ सेकंद कमी घेतले, ८ मिनिटांच्या आत आली.

आणि आकडा फुगूनही अंतर न पडणारी गाडी हवी असेल तर २०२४ची एम५ बघ. ७२७ अश्वशक्ती, आधीच्या एफ९०ची ६००. पण बॅटरी आणि मोटर घेऊन वजन २,४०० किलोंच्या वर गेलं, आधीची १,९००च्या आसपास होती. शून्य ते शंभरला कंपनी स्वतःच ३.५ सेकंद सांगते. एफ९०चे ३.४ होते.

जुन्या व्ही८चं एक मात्र तुझ्या आलेखात दिसणार नाही. ८,०००च्या वर त्याचा जो आवाज होतो, तो एफ८०मध्ये नाही. पिढी बदलताना असं काहीतरी मागे राहतं आणि कॅलिब्रेशन करणाऱ्याला ते माहीत असतं. आम्ही तेव्हा सेलच्या काचेपलीकडे नुसते उभे राहून ऐकायचो.

मी पैसे साठवले आहेत. आताची पिढी चांगली आहे, पण पुढची येणार अशी कुजबुज आहे. थांबू का?

नको. फोकस आरएसची तिसरी पिढी २०१८ साली संपली. चौथी येणार, हायब्रिड असणार, अशा बातम्या दोन वर्षं फिरत होत्या आणि पुष्कळ जण थांबले. एप्रिल २०२०मध्ये फोर्डने सांगून टाकलं, की उत्सर्जनाचे नियम, कार्बनवरचे कर आणि विकासाचा खर्च पाहता ती येणार नाही. सुबारूनेही २०२२च्या मार्चमध्ये नव्या डब्ल्यूआरएक्सची पेट्रोल एसटीआय करणार नसल्याचं जाहीर केलं.

पुढची पिढी मंजूर आहे की नाही हे कंपनीतल्यांनाही शेवटपर्यंत पक्कं माहीत नसतं. आमच्याकडे दोन प्रकल्प हिवाळी चाचण्या आटोपल्यावर थांबवले गेले.

थांबायचं एकच कारण मी मान्य करीन: आताची गाडी चालवताना तुम्हाला एखादी गोष्ट सलते आणि ती मूळ सांगाड्यातली आहे. बसण्याची उंची, पुढच्या चाकांकडून येणारी जाणीव, गिअरबॉक्सचा प्रकार. हे मधल्या फेरबदलात बदलत नाही, त्याला नवी पिढीच लागते. तेव्हा एकदा नीट चालवून पाहा. गार इंजिनापासून सुरुवात करा, कारण पहिल्या मिनिटात गाडी तुम्हाला तिच्यावर किती कष्ट घेतले आहेत ते सांगते. आरपीएमचा काटा थरथरतो का, क्लच सोडताना ती गचका देते का, तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजार फेऱ्यांवरून पाय दाबला तर ताकद एकसंध येते का, हे बघा. जे सलेल ते लिहून ठेवा आणि मला पाठवा. ते सांगाड्यातलं आहे की मॅपमधलं, हे मी सांगू शकेन.